सोमवारी बंद

रावपुऱ्यात, टॉवरच्या अलीकडच्या बोळात
जयंतीभाईंचं सलून सोमवारी बंद असतं.
म्हणजे पाटी तसं म्हणते.
शटर कमरेइतकं वर असतं
आणि आम्ही वाकून आत शिरतो,
मी आणि विभास. वय एकोणीस,
उंची माझ्याहून वीतभर जास्त.

हा पत्ता डॉक्टरांनी दिला नाही.
त्यांनी एक जड नाव दिलं, आणि पुढची तारीख.
पत्ता दिला फरझानाने,
दाखल्याच्या रांगेतल्या बाकावर,
साहेब जेवायला गेलेले असताना.
केस कसे कापता? तिने विचारलं.
सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, झोपेत. एक बाजू झाली की
तो कूस बदलेपर्यंत कात्री धरून बसते.
कधी पहाट होते.
ती हसली. मग मीही, इतकी,
की रांग वळून बघायला लागली.

पहिल्या सोमवारी नुसतं उंबरठ्यावर उभं राहणं.
दुसऱ्या सोमवारी खुर्ची. कापड नाही.
ते मानेला टोचतं हे मी सांगायच्या आत
जयंतीभाईंनी घडी करून ठेवून दिलं होतं.
पाचव्या सोमवारी मशीन,
बंदच, त्याच्या तळहातावर.
घाबरू नकोस, शहाणा ना तू,
असलं काही ते बोलले नाहीत.
रेडिओ नाही. पंखा मात्र हवा,
तीनवर. चारवर नाही.

पैसे घेतात. पूर्ण घेतात.
हे मला फार आवडतं.

आता माझ्याकडेही वही आहे.
कारेलीबागेतला दातांचा डॉक्टर,
दिवा डोळ्यांवर येऊ देत नाही.
हंसाबेनची पादऱ्याजवळची खोली,
नवरात्रातल्या नऊ रात्रींसाठी,
गरब्याचा स्पीकर तिथवर पोचत नाही
(कांदेबटाटे आपले न्यायचे).
पालकत्वाचा कागद कुठल्या टेबलावर अडतो,
आणि तिथे बसणाऱ्या बाईंचा स्वतःचा भाऊ तसाच आहे,
म्हणून आवाज चढवू नये.
एका पानावर नुसतं ‘माझ्यानंतर’ लिहिलंय.
पुढे तारीख घातली होती. खोडली.

यंदा उत्तरायणानंतर जयंतीभाईंचा हात थरथरू लागला.
मुलगा आला दुकानात, मितेश,
मोबाइल खिशात वाजत असलेला.
त्याने कापड झटकलं. विभास उठला.
मी चपला शोधू लागले,
मनात वहीतली ओळ खोडूनही टाकली,
परत झोपेतली कात्री, परत ती कूस.

पण तो दाराकडे गेला नाही.
आरशाखालून मशीन उचललं,
मितेशचा हात उलटा केला
आणि बंद मशीन त्याच्या तळव्यावर ठेवलं.
थांबला.
कोपऱ्यातल्या स्टुलावरून जयंतीभाई म्हणाले,
बरोबर आहे. तुझा पहिला सोमवार आहे हा.

मितेश तसाच उभा, हात पसरून,
काय करायचं ते न कळून.
खिशात पुन्हा वाजलं. त्याने दुसऱ्या हाताने बंद केलं.

केस त्या दिवशी कापले नाहीत.
पैसे द्यायला गेले तर मितेश नको म्हणाला.
घे, म्हटलं.
तुझे वडील घेतात.