पोटखराबा

सिटी सर्व्हे नंबर धड वाचता येत नाही,
नकाशाची घडी नेमकी तिथंच फाटलीय.
वेदी होती म्हणतात तिथं मी तिपाई रोवली,
कारण तेवढीच जागा सपाट.

छप्पर नाही. खिडकीच्या कमानीतून
विमानं उतरतात एकामागून एक.
हद्द दाखवायला इनास रुमाव आलेत,
वय एक्क्याऐंशी, पायात रबरी चपला.
"ताडापासून ताडापर्यंत," म्हणाले.
ताड कुठंय?
"तो काय." बोट काचेच्या इमारतीच्या
सातव्या मजल्यावर.

पहिला फेरफार कुणी नोंदलाच नाही.
दक्षिणेच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
एक दगड उलटा बसलाय:
कमळ, देठ वर.
पाद्र्यांच्या आधी इथं कुणीतरी होतं.
चुना गप्प राहिला, दगडाला ते जमलं नाही.

मग मठ. पाच गावं, दोन खाजणं, एक तळं.
भाताचा चौथा वाटा, ताडामागे माडीचं मडकं,
आणि आजारी पडलास तर त्याच दारात काढा फुकट.
"वाईट नव्हते," इनास म्हणतात. थोडं थांबून,
"चांगलेही नव्हते. जमीनदार होते."

वसई पडली तशी रात्रीच्या भरतीला
पाद्री होडीत बसले, घंटा घेऊन.
ती खाडीत बुडाली,
किंवा घाटावरच्या एका देवळात अजून वाजते.
इनासना दोन्ही पटतं.

पुढं पेशव्यांचा कमाविसदार, कंपनीचा कलेक्टर,
कुणी एक खोत, जो कधी फिरकला नाही,
पटकीची साथ, मग औद्योगिक महामंडळ.
कब्जेदार बदलत गेले, शाई बदलत गेली.
नांगर तोच. रुमावांचा.
त्यांचं नाव फक्त एकदा आलंय, इतर हक्कांत,
तेही पेन्सिलीनं.

साडेचारला यंत्र आवरलं.
इनासनी पिशवीतून भाताच्या सात-आठ लोंब्या काढल्या.
गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेल्या.
उद्या आगेरा.
नवं पीक आधी इथं, मग घरात.
वेदीच नाही, तेव्हा त्यांनी इकडंतिकडं पाहिलं
आणि माझ्या तिपाईच्या पेटीवर त्या ठेवल्या.

मी पेटी हलवली नाही.
अंधार पडेपर्यंत फॉर्म भरत बसलो:
लांबी, रुंदी, पडीक बांधकाम, पोटखराबा.
मालमत्ता पत्रकात
पिकाचा रकाना नसतो.