दोनदा वजा

क्वांडोच्या अलीकडे नामिबिया, पलीकडे अंगोला.
मधे पाणी, आणि पाण्यात उभी लव्हाळी
जी दोघांच्याही नकाशात नाहीत.

डाव्या कानाला खाच असलेली ती हत्तीण
पहाटे पलीकडे असे, दुपारी आमच्याकडे.
कित्येक वर्षं आम्ही तिला दोनदा मोजली,
पहाटे दोमिंगुशनं, दुपारी मी.
दोन राजधान्यांत दोन अहवाल छापले गेले,
दोन्हींत ती होती, दोन्हींत धष्टपुष्ट,
आणि कुणीसं भाषणात म्हणालं, हत्ती वाढले.

मग पाच देशांची बैठक बसली.
लांबलचक टेबल, पाच चिमुकले झेंडे,
आणि एक दुभाष्या, घामाघूम,
ज्याला लव्हाळ्यांसाठी पोर्तुगीज शब्द आठवेना.
ठरलं ते असं :
सगळ्यांनी एकाच आठवड्यात मोजायचं,
सूर्योदयाला हत्ती जिथे, तो तिथला.
म्हणजे खाचकानी अंगोलाची झाली.
मी वहीत तिच्या नावावर रेघ मारली
तेव्हा ती समोरच उभी होती,
आमच्या काठाची माती
आपल्या पाठीवर उडवत.

गळ्यातला पट्टा मात्र आमचा राहिला.
आमच्या खात्याच्या पैशाचा, आमच्या क्रमांकाचा.
दर चार तासांनी पडद्यावर एक ठिपका.
ठिपके चालायचे, थबकायचे, नदी ओलांडायचे.
एकदा बोट्स्वानाच्या कुंपणापाशी
आठवडाभर येरझारा घालत राहिले,
शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे.

यंदा ऑगस्टात तीन दिवस
ठिपक्यावर ठिपका पडत गेला.
पट्टा तुटला की ती गेली
हे ठिपक्याला सांगता येत नाही.
मला पलीकडे जायला राजधानीतून परवाना लागतो.
मी अर्ज केला. वाट बघितली.
काठावर बसून ते झाड बघत राहिले
जिथून अवघं नऊ किलोमीटर.

चौथ्या दिवशी दोमिंगुश आला,
कोरलेल्या खोडाच्या होडीतून, एकटा.
खताच्या गोणीत गुंडाळलेला पट्टा.
"लाल पाट्यांच्या आत," म्हणाला. "पुढचा पाय."
लढाई संपली तेव्हा तो आईच्या पाठीवर होता.
जमिनीत पुरलेलं काही
अजून त्या लढाईतच आहे.

त्याला पोच हवी होती. माझ्याकडे तसला फॉर्म नव्हता.
साबणाच्या वेष्टनाच्या मागे लिहून दिलं :
पट्टा एक, मिळाला. खाली सही.
मग आम्ही चहा प्यालो, बिनसाखरेचा,
आणि बराच वेळ नदीनंच काय ते बोलून घेतलं.

पुढे व्हायचं तेच झालं.
हत्तीण त्यांची, म्हणून त्यांनी एक वजा केली.
पट्टा आमचा, म्हणून आमच्या कार्यालयानं एक वजा केली.
मी पत्र पाठवलं, मेली ती एकच.
उत्तर आलं : वर्ष बंद झालं आहे.

तेव्हापासून या रानात कुठेतरी
एक हत्तीण आहे, कागदावर मेलेली.
गळ्यात काही नाही. कुणाच्याच वहीत नाही.

काल नामासिकू तणतणत आली.
अर्धी बाजरी रातोरात सपाट.
मिरची कालवलेल्या शेणाच्या विटा जाळल्या,
डबे बडवले, नवऱ्याला उठवलं,
तिघांतलं काहीच कामाला आलं नाही.
भरपाईच्या अर्जात सातवा रकाना :
प्राणी कोणत्या देशाचा?
"बाजरी खाताना बोलली नाही ती," नामासिकू म्हणाली.
मी पेन हातात धरून बसले.
मेलेल्यांनी खाल्लेल्या पिकाला
भरपाईची तरतूद नाही.

रकाना कोरा ठेवून अर्ज पुढे पाठवला.
परत येईल, माहीत आहे.

रात्री कुत्री भुंकायची थांबली.
शेताच्या त्या टोकाला
ताटं मोडल्याचा आवाज, सावकाश,
एक, मग बऱ्याच वेळानं आणखी एक.
मी कंदील विझवला.
मोजलं नाही.