पाणी कुठवर आलं

आमच्या गावात पूर अंगावर मोजतात.
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला लागला की फोन सुरू,
सातपूरहून, सिडकोतून: "कुठवर?"
गुडघ्याला असला तर ताटावरून कोणी उठत नाही.
कमरेला आला की सराफ बाजार माल माडीवर चढवतो.
छातीला, आणि भांडी बाजाराचा आवाज बंद.
गळ्याच्या वर काय असतं
ते भाऊंनी एकदाच पाहिलं, एकोणसत्तर साली.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीर शिकवते.
आमच्या प्लास्टिकच्या माणसाचं यकृत
मागच्या बॅचने हरवलं. आता शाडूचं आहे,
गणपतीवाल्याने करून दिलेलं, जरा फुगीरच.
मुली म्हणतात, मॅडम, हा पितो.

लहान आतड्यासाठी दोरी आणते.
सुरगाण्याची पार्वता भोये एक टोक धरून निघते,
बाकांमधून, दाराबाहेर, जिन्यापर्यंत,
तिथून ओरडते, "संपेना!"
नऊवारीला चार हात कमी, मी सांगते.
"मग पोटात मावतं कसं?"
तुझ्या आईच्या ट्रंकेत लुगडी मावतात तसं.

मूत्रपिंडं दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळतात,
दीड लिटर सोडतात,
बाकीचं मुकाट परत घरात. असा काटकसरी संसार.

हृदय मला फळ्यावर कधीच सरळ जमलं नाही.
चार खोल्या, चार दारं, एकाच बाजूला उघडणारी.
उजवीकडून फुफ्फुसात, डावीकडून सगळीकडे.
भिंत थकली की मागे तुंबतं.
पंधरा वर्षं सांगते आहे. खडू न थांबवता.

भाऊ रामकुंडावर उपाध्ये.
लोकांच्या हाडांची बोचकी सोडण्यात जन्म गेला.
इथे अस्थी विरघळतात म्हणतात.
मी कॅल्शियम म्हणायचे, फॉस्फेट म्हणायचे,
ते म्हणायचे, "तेच ते. जातं ना पाण्यात?"
राखेत कधी एखादा मणका अख्खा सापडे,
मानेतला दुसरा, वर अंगठ्याएवढा सुळका.
भाऊ त्याला आत्माराम म्हणत. मी अ‍ॅक्सिस.
त्या सुळक्याभोवती मान फिरते
तेव्हा माणूस "नाही" म्हणतो.
भाऊंची फारशी फिरली नाही.
दक्षिणा किती? "द्या काय ते."

श्रावणात त्यांच्या चपला घट्ट झाल्या.
मी म्हटलं, नवा जोड घेऊ.
(मी. पंधरा वर्षं शिकवणारी.)
मग धोतराखाली नडगी तकतकीत दिसू लागली.
मग रात्री दोन उशा, तीन,
मग खुर्चीत बसूनच झोप, तोंड दाराकडे.

त्या रात्री धरणातून पाणी सोडलं होतं.
मी त्यांच्या पाठीला स्टेथो लावला.
तळाशी बारीक चुरचुर,
कानाशी केसांची बट चोळावी तशी.
एक फासळी वर सरकले. तिथेही.
"कुठवर आलं?"
मला कळेना, नदीचं विचारतात की.
"कमरेपर्यंत," मी म्हटलं.
त्यांची मान हलली, डावीकडे, उजवीकडे.
"छातीला लागलंय. मला आवाज कळतो."

सिव्हिलमध्ये शिरेतून इंजेक्शन दिलं.
काटकसर सुटली.
पहाटेपर्यंत दोन हजार मिली.
पिशवी मीच मोजली, मोठ्याने,
दिवाळीतला गल्ला मोजावा तशी.

आता घरी आहेत. मीठ बंद, त्यावरून रोज भांडण.
सोमवारी सगळा वर्गच घरी आणला.
पार्वताने घोट्याच्या वर अंगठा दाबला,
दहा मोजले, उचलला.
खळगा राहिला.
भाऊ वाकून बघत होते, मुलीही,
सगळ्यांची डोकी त्या एवढ्याशा खड्ड्यावर.
तो भरेस्तोवर
पार्वताचे ओठ नुसते हलत होते.

मग तिने वर दाबलं, नडगीवर, गुडघ्याखाली.
तिथे काही राहिलं नाही.
"घोट्यापर्यंतच आहे, बाबा."

"मग बसा जेवायला," भाऊ म्हणाले,
"आणि ती मिठाची बरणी इकडे सरकवा."