इतर हक्क

नागावात मी पहिल्यांदा साखळी ताणली
एकसष्ट सालच्या मार्गशीर्षात.
वाद: एक फूट बांध, त्यावर एक पोफळ.
उगवतीला हनोख झिराडकर, तेलाचा घाणा,
शनिवारी बैल सुटे.
मावळतीला शर्फुद्दीन उलडे.
अलिबागच्या कोर्टात अकरावं वर्ष.
तारखेला एकाच एसटीने जायचे,
एक पुढच्या बाकावर, एक मागच्या.

विहीर मात्र सामाईक.
पाण्याच्या पाळ्या कुणी ठरवल्या ते कागदात नाही.
शुक्रवारी दुपारी शर्फुद्दीन मशिदीत,
तेव्हा रहाट हनोखचा.
त्याच दिवेलागणीपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत
झिराडकरांकडे कुणी दोराला हात लावत नसे,
तेव्हा उलड्यांच्या पोफळी प्यायच्या.
मी विचारलं, मग बांधाचंही असंच का नाही?
दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
पोरगं आहे, अशा नजरेने.
त्या बाबतीत त्यांचं एकमत होतं.

चौसष्टला हनोख बोटीने गेला.
म्हणाला, तिकडे आमचं आहे.
किती पिढ्यांचं? मी आपलं नोंदीपुरतं विचारलं.
म्हणाला, नवगावच्या खडकावर गलबत फुटलं
त्याच्याही आधीपासूनचं.
रोज तिकडे तोंड करून उभे राहतो आम्ही,
ती वहिवाटच की, रावसाहेब.

मला पटलं.

मग शर्फुद्दीनचा लेक कुवेतहून सुट्टीवर आला,
त्याच्या मुकादमाचं सांगू लागला. अबू नासिर.
पाकिटात तुर्की शिक्क्याचा कागद, घडीवर फाटलेला:
बारा झाडं जैतुनाची, एक विहीर.
गाव आता नकाशात नाही.
अठ्ठेचाळीस साली आठवड्याभराचे म्हणून निघाले,
कोंबड्यांना दाणे भरपूर टाकून.

तेही पटलं.
दोन्ही पटलं की मोजणीदाराचं काम संपतं,
पुढचं काम कुणाचं, ते मला
नोकरीत कुणी शिकवलं नाही.

वडील सांगायचे खोतांच्या अमदानीतलं:
एकच वाडी दोन कुळांना लावून द्यायची,
दोघांकडून मक्ता घ्यायचा,
डोकी फुटायला लागली की
बिऱ्हाड उचलून पुण्याला जायचं.
तिथला खोत साहेब होता.
बोट त्याचीही वेळेवर सुटली.

हनोखचं पत्र आलं, शर्फुद्दीनच्या नावाने,
हिशेबाच्या वहीचं पान फाडून लिहिलेलं:
घर मिळालं, वाळवंटाच्या कडेला.
परसात अंजीर आहे, जुना, कुणी लावला कोण जाणे.
फळ गोड. अबिगाईल म्हणते
विचारल्याशिवाय तोडू नका.
कुणाला विचारू?
आणि खाली, दोनदा रेघ मारून:
बांध मी सोडलेला नाही, लक्षात असू दे.

शर्फुद्दीनने ते मला वाचून दाखवलं.
खूप हसला. मग पडवीत जाऊन
बराच वेळ तांब्या शोधत राहिला,
तो त्याच्या हातातच होता.

त्या पोफळीची सुपारी त्याने कधी उचलली नाही.
काही कुजली, काही रुजली.
मागे गेलो तेव्हा बांधावर नऊ पोफळी होत्या,
कुणाच्याच नाहीत, म्हणून दाट.

परवा संगणकातला उतारा काढला.
सगळी नावं बदललीत,
कुणा डॉक्टरांचा बंगला व्हायचा आहे.
पण उजवीकडे, इतर हक्कात, अजून आहे:
झिराडकर यांचा विहिरीच्या पाण्यावर पाळीपुरता हक्क.
कमी करायला कुणी अर्ज केलेला नाही.
तलाठीबाई म्हणाल्या, करायचा का?
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
वयाचा तेवढा फायदा.

टीव्हीवर तिकडचा नकाशा दाखवतात रोज,
रंग भरून, बाण काढून.
मी चष्मा पुसून जवळ जातो,
रंग सोडून विहिरी कुठे आहेत ते बघतो.
नकाशा फार लहान मापाचा आहे.
दिसत नाहीत.