बुटकं कार्ड

मॉरागबाईंचा संगणक टेबलाखाली आडवा निजतो.
कुठल्याशा विमा कचेरीने टाकलेला,
धर्मादाय दुकानात चाळीस पौंडांना मिळालेला,
जाडीला जेमतेम पाच बोटं.
डंडीत, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही समोरासमोर:
माझं दार निळं, त्यांचं हिरवं,
मध्ये दगडी जिना आणि टे नदीवरून येणारा वारा.

त्या म्हणाल्या, एफीचे ओठ अडखळतात.

आधी मला कळलंच नाही.
एफी म्हणजे धाकटी बहीण, कॅनडात, हॅमिल्टनला,
दर रविवारी व्हिडिओवर येते.
दोघी पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागल्या,
मागांच्या खडखडाटात मॉरागबाईंचे कान गेले,
तेव्हापासून त्या माणसं ओठांवरून वाचतात.
चित्र गचकलं की वाक्य तुटतं.
गेल्या रविवारी एकच शब्द गळाला,
आणि एफीचा नवरा पडला की वारला
हे कळेपर्यंत ओतलेला चहा निवून गेला.
(पडला होता. नुसता पडला होता.)

मग मी झाकण काढलं.
आत एवढी दाटी की बोट घालायला अंगठी काढावी लागली.
शिवणाच्या टेपने खाच मोजली,
एकदा सेंटिमीटरच्या बाजूने, एकदा इंचांच्या,
विश्वास बसेना म्हणून.
वीज मोजकी, जादा वायर नाही,
खाच देईल त्या पंचाहत्तर वॉटवर भागवायचं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथे पाय आधीच कापून यायला हवे होते.

रात्रपाळीला, प्रयोगशाळेतल्या बश्या उबायला ठेवून
मी कार्डं बघत बसले.
एक देखणं, पण दोन खाचा अडवणारं.
एक स्वतःला बुटकं म्हणवणारं, पण फोटोत पट्टी उंचच;
आखूड पट्टी मिळेल का विचारलं
तर विकणारा ग्लासगोचा इसम म्हणाला, कानस घे आणि घास.
शेवटी दोन उरली:
एक मुकं, बिनपंख्याचं, महाग;
एक स्वस्त, पण पंखा म्हणे डासासारखा गुणगुणतो.
दोन रात्री मी मुक्यावर अडले.
तिसऱ्या रात्री कपाळावर हात मारला:
गुणगुण ऐकू कोणाला जाणार आहे!

शनिवारी मोजे काढून, रेडिएटरला हात लावून बसले
(अंगात वीज घेऊन शिवायचं नाही; सोवळं म्हणा हवं तर).
उंच पट्टी काढली, आखूड लावली.
एक स्क्रू गालिच्यात पडला.
मॉरागबाईंनी गुडघे टेकून
तो डोळ्यांनी नाही, तळव्याने शोधला,
तुटलेला धागा शोधावा तसा.
कार्ड खाचेवर धरलं, दाबलं,
आणखी दाबलं, आता मोडतंय असं वाटेपर्यंत,
तेव्हा कुठे खट् झालं.
त्यांना ते ऐकू आलं नाही;
माझ्या तोंडावरून कळलं.

पडदा काळा.
दहा मिनिटं काळा.
मला घाम. मनातल्या मनात शिव्या, त्याही मराठीत,
तरी त्या हसल्या: "तुझे ओठ हलतायत गं."
केबल मी जुन्याच तोंडात खोचली होती.

उजेड आला तेव्हा त्यांनी पेटीवर पंजा टेकवला,
बराच वेळ तसाच ठेवला.
"चालतंय," म्हणाल्या. "लहानसा माग आहे."

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं.
पडद्यावर एफी, दातांतली फट दिसेल एवढी मोठी.
दोघी बोलत होत्या, भराभर, घशातून काही न काढता,
भुवया, बोटं, ओठ,
गिरणीतली ती जुनी बोली,
आणि एफी कुठेच अडखळत नव्हती.
वीस मिनिटांनी माझं लक्ष गेलं:
माइक बंद होता, इकडचाही, तिकडचाही.
मी हात पुढे केला. मागे घेतला.

ती उंच पट्टी अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.
जिन्यात किल्ल्या काढताना बोटाला लागते.
कामाची नाही, पण टाकवत नाही.