तूट

आप्पांनी तो सिलिगुडीहून आणला,
सतरंजीत गुंडाळून, दोन रात्री मांडीवर धरून
मिरजेपर्यंत. पुढं विट्याच्या एसटीत
कंडक्टरनं विचारलं म्हणे, खेळायचाय का शिकायचाय?
आप्पा म्हणाले, दोन्हीचं एकच तिकीट फाड.

खोक्यावर एक गोरा पोरगा हसत होता
आणि त्याच्या हनुवटीखाली
कॉम्प्युटरचं स्पेलिंग चुकलेलं.

वाटण्या पहिल्याच संध्याकाळी झाल्या.
बंदूक आणि दांडी सयाजीला;
तो काचेला नाक लावून बदकं पाडायचा,
तरी कुत्रं हसायचंच त्याला.
बटणांची पाटी मला,
कारण ती कुणाला नको होती.
आणि पिवळी कॅसेट, जिच्यात एकही बदक नव्हतं.

गल्लीत माग चालायचे, तसा पडदा थरथरायचा.
माग थांबले की कळायचं, लाईट गेली.
लाईट गेली की तो सगळं विसरायचा.
म्हणून मी आधी वहीत लिहायची:

दहा. वजन विचार.
वीस. टंच विचार.
तीस. गुण, शंभरानं भाग.
चाळीस. चोख सोनं दाखव.
पन्नास. पुन्हा दहावर जा.

यात्रेला आलेल्या आप्पांना खुर्चीत बसवलं.
सत्तेचाळीस ग्रॅम, ते म्हणाले. एक्क्याण्णव टंच.
मी दाबलं. बेचाळीस.
बेचाळीस, सत्त्याहत्तर, ते म्हणाले, डोळे मिटून.
मी सांगितलं, पॉइंटच्या पुढचं त्याला झेपत नाही,
ते तो गिळतो.
आप्पा खोकला लागेपर्यंत हसले.
म्हणजे आमच्याच धंद्यातला की!
आणि रात्री विसरतो पण?
ब्येस. पोलिसाला काय घावायचं नाही.

पुढच्या यात्रेला ते आले नाहीत.
चोरीच्या पाटल्या कुणीतरी गाळायला दिलेल्या,
दुकानाला सील, चोपड्या ठाण्यात.
आईनं पदरानं टीव्ही पुसला
आणि मला हळूच विचारलं,
ते बोलले होते ते आकडे
असतील का गं अजून ह्यात?

मी बटण दाबलं.
राखाडी पडदा. एक चौकोन, उघडमीट करणारा.
वाट बघत होता तो,
ओळखत मात्र कुणाला नव्हता.

अकरा महिन्यांनी आले. गालफडं बसलेली,
चपला दुसऱ्याच कुणाच्या.
सयाजीनं बंदूक माळ्यावर टाकली, कुणी न सांगता.
मला काय बोलावं सुचेना,
म्हणून वही काढली, पाचही ओळी परत घातल्या.
सत्तेचाळीस. एक्क्याण्णव.
बेचाळीस, तो म्हणाला.
आप्पा नुसते बघत राहिले.

मग माग थांबले. पडदा
मधल्या ठिपक्यात आटत गेला.
चहाची कपबशी कुणीतरी चाचपडत उचलली.
आणि बऱ्याच वेळानं, खुर्चीच्या बाजूनं,
बेचाळीस, सत्त्याहत्तर.