कॅसेट संपते तिथून

टेबलावर तबकडी ठेवली
आणि आधी हात धुतले, साबणाने, दोनदा;
क्रेनचं ग्रीस नखांतून पुरतं जात नाही.

दोनशे साठ झ्लॉटी.
एवढ्यात मिल्काचे हिवाळी बूट आले असते
हे आल्बिन बोलला नाही,
फक्त तिचे जुने बूट दाराजवळ
जरा सरळ करून ठेवले.

असो. बाल्टिकमध्ये का होईना,
घोडं न्हालं एकदाचं.

शहाण्णव साल, ग्दिन्या बंदर.
कोर्नेल हँबुर्गच्या बोटीवरून उतरला तो एक कॅसेट घेऊन,
कुणाच्या तरी कॅसेटवरून केलेली,
तीही आणखी कुणाच्या तरी.
वर निळ्या पेनाने इतकंच : बोग्ना, रात्री ऐक.
गाणारं कुणी नाही. शब्द नाहीत.
यंत्रांनी यंत्रांशी हळू आवाजात
घरचं काहीतरी बोलावं, तसं.
आणि सगळ्यावर एक खरखर,
ती मी समुद्रच समजत आले.

रात्रपाळीला चाळीस मीटर वर,
काचेच्या खोक्यात, पायांखाली धक्का,
कानांत ते.
सहावा तुकडा अर्ध्यात तुटायचा.
पंचेचाळीस मिनिटांची बाजू
(दुसऱ्या बाजूला जर्मन हवामान, कुणीतरी खोकतंय).
एक सूर वर चढत असायचा,
चार पायऱ्या,
पाचवीसाठी पाय उचललेला
आणि खट्.

सत्तावीस वर्षं तो पाय मी हवेत सांभाळला.
पाचवी पायरी माझी मीच बांधली,
पाडली, पुन्हा बांधली.
लग्नाच्या वर्षी ती फारच उंच झाली होती, हसू येतं.
आई गेली त्या फेब्रुवारीत
दोन सूर खाली ओढली.
मिल्का पोटात असताना तर
पायरी नव्हतीच,
नुसतं वर.
फोनवर ते कधीचंच होतं म्हणे.
मी शोधलं नाही.
अर्धं फाटलेलं पत्र आपलं असतं;
उरलेलं अर्धं रस्त्यावर फुकट वाटत असले
म्हणून का हात पुढे करायचा?

सोपोटच्या म्हाताऱ्या सेवेरिनने
बाहीने कव्हर पुसलं : राखाडी विजेचा खांब, नाव नाही.
"वाजवायला आहे ना काही,
की भिंतीवर टांगणार?"
नव्हतं. खालच्या हाल्श्काबाईंचा प्लेअर
जिन्यातून मिठीत धरून आणला;
डावा स्पीकर सर्दी झाल्यासारखा.

सुई टेकली.
खरखर नाही.
समुद्र होता तिथे नुसती स्वच्छ जागा,
ओळखीच्या माणसाने दाढी काढून समोर यावं
आणि आपण हनुवटीकडेच बघत राहावं.
दर वीस मिनिटांनी उठून बाजू उलटायची.
गुडघे कुरकुरले; कॅसेटच्या काळात
त्यांना आवाज नव्हता.

तिसरी बाजू. सहावा तुकडा.
एक. दोन. तीन. चार.
मी खुर्चीची कड धरली.

पाचवी नाहीच.
सूर चौथीवरच उभा राहतो,
जागच्या जागी पाय बदलतो,
रांगेतल्या माणसासारखा,
मग विरत जातो, दोन मिनिटं चाळीस सेकंद,
घाई नाही, वाईट नाही,
काही नाही.

सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली,
खर्र टक, खर्र टक.
मिल्काने दारातून विचारलं, "संपलं?"
म्हटलं, "त्यांचं संपलं."

पहाटेची पाळी. धुकं नव्हतं.
खाली चार कंटेनर एकावर एक रचलेले,
पाचवा माझ्या दोरांवर झुलतोय.
रेडिओवर फोरमन ओरडतो, "बोग्ना, ठेव आता!"
ठेवते ना.
थांब जरा.